शंकूच्या कडेला राहणारी माणसे

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, टॅम्पा उपसागराच्या आसपास राहणाऱ्या आम्हा लोकांचा दिवस जून ते नोव्हेंबर या काळात अधूनमधून वेगळ्याच घड्याळावर चालतो. कॅरिबियन समुद्रातल्या एखाद्या वादळाचा रोख आमच्याकडे वळला की मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचे अनुमान पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री अकरा वाजता येते. या वेळा इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्या अनुमानाबरोबर एक नकाशा असतो, त्यावर वादळाच्या जागेपासून पुढे रुंद होत जाणारा एक पांढरा शंकू असतो आणि त्याच्या मधोमध, निदान इथल्या दूरचित्रवाणीवर तरी, एक काळी रेघ काढलेली असते. माझी सगळी तक्रार त्या रेघेबद्दल आहे.

शंकू कसा काढतात हे एकदा समजून घेतले की रेघेचा मोह बराच कमी होतो. केंद्राच्या गेल्या पाच वर्षांच्या अनुमानांमध्ये बारा तासांनंतर, चोवीस तासांनंतर, याप्रमाणे पाच दिवसांपर्यंत किती चूक झाली ते मोजतात आणि त्या चुकांपैकी दोन तृतीयांश चुका ज्यात मावतील एवढी वर्तुळे काढून ती जोडतात. म्हणजे शंकूची रुंदी हंगामाच्या सुरुवातीलाच ठरलेली असते. समोरचे वादळ सरळमार्गी आहे की लहरी, याचा तिच्याशी संबंध नसतो. शिवाय तीनातल्या एका वेळी वादळाचा मध्य शंकूबाहेर जाऊ शकतो, हे त्या पद्धतीतच गृहीत धरलेले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा शंकू केवळ वादळाच्या मध्यबिंदूचा असतो. वारा किती दूर पोहोचेल, पाऊस कुठे पडेल, समुद्र किती चढेल, यांपैकी काहीही तो सांगत नाही. तरीही शेजारीपाजारी बोलतात ते रेघेबद्दलच: ‘रेघ वर सरकली’, ‘रेघ आपल्यावरून गेली’, ‘आता सुटलो’.

2022 च्या सप्टेंबरमधले इयन हे वादळ मला या बाबतीत कायम आठवते. शनिवार-रविवारी मध्यरेषा आमच्या पश्चिमेने, समुद्रातून उत्तरेकडे जाताना दिसत होती. अमेरिकी संगणकीय प्रारूप वादळाला आणखी पश्चिमेला, फ्लोरिडाच्या वायव्येकडच्या ‘पॅनहँडल’ नावाच्या पट्ट्याकडे नेत होते, तर युरोपीय प्रारूप ते आमच्या बाजूला आणत होते. सारा वाद एकाच प्रश्नावर होता: उत्तरेकडून उतरणारा थंड हवेचा कमी दाबाचा पट्टा इयनला किती लवकर गाठेल आणि किती जोराने पूर्वेकडे वळवेल. सोमवारी, 26 तारखेला, रेघ टॅम्पा उपसागराच्या तोंडाशी आली आणि आमच्या हिल्सबरो कौंटीने (म्हणजे जिल्ह्याने) पाण्याचा धोका सर्वाधिक असलेल्या ‘ए’ क्षेत्रातल्या रहिवाशांना घरे सोडण्याचा आदेश काढला.

तो दिवस घटस्थापनेचा होता. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर वाळूच्या पोत्यांची रांग कुठे कमी आहे, प्लायवूड कोणाकडे शिल्लक आहे, या चौकशांच्या मधोमध एका मैत्रिणीचा प्रश्न आला की सकाळीच घट बसवला आहे, तो गाडीतून ऑर्लँडोला नेला तर चालेल का. घट एकदा बसवला की हलवत नाहीत, असे दोघींनी लगेच सांगितले. त्यावर गटातल्या सर्वांत ज्येष्ठ काकूंनी लिहिले की देवीला पोहता येत असेलही, पण तुला येत नाही. घट मांडीवर घे आणि नीघ. टोपलीतली ओली माती आणि वर पातेले पालथे घातलेला कलश मांडीवर धरून ती पाच तास वाहनांच्या रांगेतून गेली. मला तो निर्णय त्या आठवड्यातला सर्वांत शहाणा निर्णय वाटला, कारण तो रेघेकडे पाहून नव्हे, तर घर कोणत्या क्षेत्रात आहे हे पाहून घेतलेला होता. इथली क्षेत्रे पाण्याच्या धोक्यानुसार आखलेली आहेत, आणि किनाऱ्यावर जीव घेते ते बहुधा पाणीच.

श्रीवर्धनहून आत्याचा फोन रोज येत होता. “अगं, एवढी विमानं वादळात घुसवतात, उपग्रह आहेत, मग नक्की कुठे येणार ते सांगत का नाहीत?” हा तिचा प्रश्न रास्त होता. त्याचे एक उत्तर किनाऱ्याच्या आकारात आहे. फ्लोरिडाचा पश्चिम किनारा ढोबळमानाने उत्तर-दक्षिण पसरलेला आहे आणि क्युबाकडून येणारे वादळ त्याला जवळजवळ समांतर वर चढते. गडग्याच्या कडेने चाललेल्या बैलगाडीचा रोख जरासा फिरला तरी ती गडग्याला कुठे घासेल ते ठिकाण कितीतरी मागेपुढे होते, तसेच हे आहे. दिशेतला थोडासा फरक, आणि धडकण्याची जागा शंभर-दीडशे किलोमीटर सरकते. कोकणचा किनाराही असाच पसरलेला असल्याने आत्याला हे लवकर पटले. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते कोकणच्या कडेकडेने वर जात शेवटी गुजरातेत शिरले होते.

मंगळवारी रेघ दक्षिणेला सारासोटाकडे घसरली आणि बुधवारी, 28 तारखेला दुपारी तीनच्या सुमारास, इयन त्याहूनही दक्षिणेला केयो कोस्टा बेटावर ताशी सुमारे 240 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह धडकले. फोर्ट मायर्स बीचवर समुद्र दहा ते पंधरा फूट चढला. वादळाने घेतलेल्या बळींची संख्या पुढे दीडशेच्या वर गेली आणि त्यांतले सर्वाधिक याच भागातल्या ली कौंटीतले होते. तिथे घरे सोडण्याचा आदेश निघाला तो मंगळवारी सकाळी. त्यावरून पुढे बरीच टीका झाली, आणि ती अस्थानी नव्हती. कारण तो भाग आधीचे कित्येक दिवस बहुतेक वेळा शंकूच्या आतच होता, फक्त उजव्या कडेला होता.

त्याच दुपारी आमच्याकडे उलटे घडले. उत्तर गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे आमच्यासारख्या पश्चिम किनाऱ्यावर मध्याच्या दक्षिणेला ते समुद्र जमिनीवर ढकलतात आणि उत्तरेला जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. आम्ही उत्तरेला पडलो. टॅम्पा उपसागराचे पाणी इतके ओसरले की बेशोर रस्त्यालगतचा तळ उघडा पडला आणि पोलीस नको म्हणत असताना लोक त्या चिखलात फोटो काढत हिंडू लागले. मध्य थोडा आणखी उत्तरेने आला असता, तर तेच पाणी उपसागराच्या निमुळत्या, उथळ खोबणीत कोंबले गेले असते.

गटावर ‘वाचलो’ असे संदेश आले, कोणी गणपतीची चित्रे पाठवली. मीही सुटकेचा श्वास घेतला, पण आत्याला ‘आमच्याकडचे टळले’ एवढे सांगताना जीभ जड झाली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे मुंबईकडे लागले होते आणि मुंबईचे टळले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. त्यांत तिचीही होती. ती एवढेच म्हणाली, “टळलं म्हणजे कुणाकडे तरी गेलं, बाई.”

दोन वर्षांनी, 2024 च्या सप्टेंबरमध्ये, हेलीन आले. या वेळी रेघ आमच्यापासून शंभर मैलांहून अधिक अंतरावर, भर समुद्रात होती, वादळ धडकणार होते दूर उत्तरेला, पेरी गावाजवळ, आणि तसेच ते धडकलेही. अनुमान उत्तम ठरले. तरीही त्या रात्री टॅम्पा उपसागराच्या काठावर विक्रमी उधाण आले, कारण वादळ आकाराने अवाढव्य होते आणि या वेळी आम्ही त्याच्या चुकीच्या बाजूला होतो. रेघ लांब आहे म्हणून घरी थांबलेल्या अनेकांच्या दिवाणखान्यात मध्यरात्री खारे पाणी शिरले आणि किनाऱ्यावरच्या पिनेलास कौंटीत माणसेही गेली.

भिजलेले सोफे आणि गाद्या रस्त्याच्या कडेला तशाच पडलेल्या असताना दोन आठवड्यांत मिल्टन आले. आता रेघ थेट आमच्यावरून होती आणि लोक खरोखरच घाबरून मोठ्या संख्येने बाहेर पडले. 9 ऑक्टोबरच्या रात्री ते सारासोटाजवळच्या सिएस्टा की बेटावर धडकले, म्हणजे पुन्हा आमच्या दक्षिणेला, आणि उपसागराचे पाणी पुन्हा ओसरले. पण सेंट पीटर्सबर्गमध्ये अठरा इंचांहून अधिक पाऊस कोसळला आणि समुद्रापासून दूर असलेल्या, कोणत्याही क्षेत्रात न मोडणाऱ्या वस्त्यांमध्ये लोकांना घराबाहेर काढण्यासाठी होड्या आणाव्या लागल्या.