शेक लागंना म्हणून आज्जी यायच्या थांबल्या

मी रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट आहे, कोल्हापुरात. इथं पेशंट रेडिएशनला रेडिएशन म्हणत नाहीत, 'शेक' म्हणतात, आणि ऐकून ऐकून आम्हीपण तेच म्हणतो. राधानगरीकडच्या एका आज्जींमुळं हा शब्द आता डोक्यातनं जात नाही.

मिश्री लावून लावून गालाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, आता ३० शेक, सोमवार ते शुक्रवार, ६ आठवडे. संमतीचा फॉर्म इंग्रजीत, सही मुलाची, आज्जींना कुणी विचारलंच नाही, हे मला दरवेळी खटकतं. मास्कच्या, म्हणजे शेक देताना डोकं-मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवायचा जाळीचा साचा बनवायच्या दिवशी त्यांनी फुली आणि डोरलं काढून पदराच्या गाठीत बांधलं, मुलाकडं दिलं नाही. मास्कची ती पांढरी कडक जाळी ६५-७० डिग्रीच्या पाण्यात लिबलिबीत होते, मग पाणी टिपायचं, आधी स्वतःच्या हाताला लावून बघायचं, मग चेहऱ्यावर ओढून नाकाच्या कडेनं, हनुवटीखाली बोटांनी बसवायची, कारण सैल राहिली तर रोज मान हलणार. हे मी जीव लावून करते. आज्जींनी मुठी आवळलेल्या बघून म्हटलं, "घाबरू नका, शेक देताना काही म्हणजे काही जाणवणार नाही."

खोटं नव्हतं ते. एक्स-रेच असतात, चटका बसत नाही. तोंड येणं, कातडी काळी पडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, तेही सांगितलं, पण घाईत आणि मुलाला.

९ शेक झाले आणि आज्जी यायच्या बंद. फोनवर मुलगा म्हणाला ऊसतोड सुरू आहे. ११ दिवसांनी आल्या तेव्हा खरं कळलं. "नऊ दिस झोपलो त्या फळीवर, ऊन बी लागंना, मग ह्यो शेक कसला? म्हनलं मशीन बंद हाय, एस्टीला पैसं कशाला घालायचं."

असा खंड पडला की कॅन्सरच्या उरलेल्या पेशींना परत वाढायला सवड मिळते. भरपाई म्हणून डॉक्टरांनी काही दिवस दोनदा शेक लावले, मध्ये निदान ६ तास, तेवढा वेळ आज्जी बाकावर बसून. ओरडा मुलाला बसला, मला कुणी काही बोललं नाही. पण शेक म्हणायचं आणि जाणवणार नाही पण म्हणायचं, यातनं त्यांनी काय समजायचं होतं?

परवा २६ वा झाला. तोंड आतनं सोललंय, मीठ-सोड्याच्या गुळण्या करूनही पेज गिळवत नाही. मास्क काढला, कपाळावर जाळीचे ठसे तसेच, माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "आता लागतंय बघ पोरी. सुरू झालंय मशीन."