पाटीवरचं साल आणि गावाबाहेरचा पट्टा

दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना 1974’ लिहिलंय, ते अर्धंच खरं. त्या साली आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वेल्डिंग मशीन घेतलं आणि पाटी रंगवली. त्याआधी आजोबा त्याच लिंबाखाली गाडीची चाकं करत होते. पाटी नव्हती, बिल नव्हतं. सुगीला ज्वारी-बाजरी घरी यायची, हिशोब मिटला. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पेरणीयंत्राची दुरुस्ती, शेडचं काम असा आमचा धंदा आहे. पण ‘चाक घ्यायचं तर यांच्याकडून’ हे नाव जिथं झालं ती जागा दुकान नव्हे. ती गावाबाहेरच्या बरडावर होती. बैलांच्या शर्यतीचा पट्टा.

आमचं गाव गिरणाकाठचं, भडगाव तालुक्यातलं. काळी कपाशीची जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसात ती चपलेसकट माणूस धरून ठेवते. असल्या मातीत बैल पळवणं म्हणजे पाय मोडून घेणं. म्हणून जुन्या लोकांनी पट्टा आखला तो मुरमाड बरडावर, जिथं काही पिकत नव्हतं. जेमतेम चारशे मीटर, सुतात सरळ. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आठवडाभर पोरं त्यावर वखर फिरवायची, दगड वेचायची, नदीची वाळू पसरायची, संध्याकाळी पिंपाने पाणी मारायची आणि फळी ओढायची. सकाळी ती माती हाताला गार लागायची. वास तर विचारूच नका.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दोन-दोन जोड्या सुटायच्या. जास्त करून खिल्लार, सातपुड्याकडचे काटक बैल त्यात भारी. बाजूला शेव-मुरमुरे, भजी, बर्फाचा गोळा. आम्हा पोरांना कोण जिंकलं याचं काही नसायचं. छकड्याला, म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाडीला, चाक कोणाचं आहे, एवढंच आम्ही बघायचो.

चाकाचं थोडं सांगतो, कारण आता सांगणारे उरले नाहीत. तुंबा म्हणजे मधला गाभा, आरे म्हणजे त्यातून निघणाऱ्या दांड्या, दोन्ही बाभळीचे. त्यावर पुठ्ठे, म्हणजे लाकडाचे बाकदार तुकडे, जोडून गोल पूर्ण करायचा आणि वरून धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचं कडं, चढवायची. खरी मेख धावेत. ती चाकाच्या घेरापेक्षा बोटभर लहान ठेवायची. मग गोवऱ्यांच्या कडबोळ्यात ठेवून लाल करायची. लोखंड दर मीटरला, दर शंभर अंशांना सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतं, हे मला आयटीआयला कळलं. आजोबांना ते बोटानं माहीत होतं. लाल धाव तिघांनी सांडशीने उचलायची, चाकावर बसवायची, घणाचे चार ठोके, आणि लाकूड पेटायच्या आत पाणी. चर्रर्र आवाज होतो, वाफेत कोणी दिसत नाही, आणि आतून आरे कडकड करत आपापल्या जागी घट्ट बसतात. तो कडकडाट आला नाही तर चाक वाया गेलं समजायचं.

84 च्या आखाजीला आमचं चाक वाया गेलं. पट्ट्यावर, दोनेक हजार माणसांसमोर.

झालं असं, की ऐन घाईत एका गिऱ्हाइकाला छकडा हवा होता आणि वाळलेलं लाकूड संपलं होतं. आप्पांनी तोडून वर्षही न झालेली बाभूळ वापरली. कडकडाट झाला, चाक देखणं दिसलं, गिऱ्हाईक खूश. पण वैशाखाचं ऊन, 44-45 अंश. ओलसर लाकूड आक्रसलं आणि धाव सैल पडली. जाणते लोक आदल्या रात्री चाकं डोहात बुडवून ठेवायचे, लाकूड फुगायला. या गिऱ्हाइकाने तेही केलं नव्हतं. निम्म्या पट्ट्यावर धाव निघाली आणि एकटीच बैलांच्या पुढे गडगडत गेली. माझा धाकटा भाऊ ओरडत आला, “आप्पा, धाव निंघनी!” लोक हसले, कारण धाव शर्यत जिंकली होती. नशीब, बैलाला आणि हाकणाऱ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आप्पा हसले नाहीत. त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाचे सगळे पैसे परत दिले. आईने घरखर्चाचा विषय काढला तर एवढंच म्हणाले, “येना पैसा लेवाना नही.” म्हणजे, याचा पैसा घ्यायचा नाही. पुढची दोन वर्षं शर्यतीचं एकही काम घेतलं नाही. बाभूळ आणून रचून ठेवली आणि वाळू दिली. 87 ला परत सुरू केलं तेव्हा पाचोरा, पारोळ्यापासून लोक यायला लागले. पैसे परत केल्याची गोष्ट चाकापेक्षा लांब गेली होती.

मधली वर्षं सगळ्यांसारखीच. टायरगाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले, लाकडी चाक फक्त छकड्यापुरतं उरलं. मी 96 ला दुकानात आलो. ट्रॉलीसाठी कर्ज मागितलं तर एका बँकेने सहा महिने फिरवलं, शेवटी मामांनी पैसे दिले.

7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि शर्यती बंद झाल्या. दुकानात तीन छकडे तयार उभे होते. दोन मोडून लोखंड वापरलं. तिसरा धुळ्याच्या रस्त्यावरच्या एका ढाब्याने नेला. त्याच्या दारात तो अजून उभा आहे, वर ‘गावरान शेवभाजी’ची पाटी. तेव्हा मी निकालाला खूप शिव्या दिल्या. पण खरं सांगायचं तर शेवटच्या काही वर्षांत पट्ट्यावर बैलांना आरी (टोकदार खिळा) टोचणारे आणि शेपट्या चावणारे वाढले होते, आणि आम्ही चाकं विकणारे तिकडे पाठ करून उभे राहायचो. हेही दुकानाच्या वाटचालीतच येतं.

2016 च्या जानेवारीत परवानगी आली, आठवड्याच्या आत तिला स्थगिती मिळाली. 2017 ला राज्याने कायदा बदलला, तोही कोर्टात अडकला. शेवटी 16 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्रात शर्यतींना वाट मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने कायदा ग्राह्य धरला. नियमाप्रमाणे पळायचं अंतर एक हजार मीटरच्या आत हवं. आमचा पट्टा चारशेचा, आरामात बसला असता.

पण तोवर बरड एनए (बिगरशेती) होऊन प्लॉट पडले होते.

2022 च्या संक्रांतीनंतर एक तरुण छकडा करायला आला. बेअरिंगची चाकं, पाईपची साटी म्हणजे सांगाडा, एका माणसाने उचलावा इतका हलका. आम्ही करून दिला. पोरगा म्हणाला, काका, पळवून कुठं बघू? मी त्याला कॉलनीत नेलं. ले-आऊट पाडणाऱ्याने शहाणपणा केला होता: मुरूम दाबून दाबून इतका घट्ट झालेला, की मधला मोठा रस्ता बरोबर पट्ट्यावरच काढला. दोन्ही बाजूंच्या गल्ल्या पावसाळ्यात खचतात, हा खचत नाही. नळाची लाईन टाकताना मजुरांनी या रस्त्यासाठी जास्त रोज मागितला होता.

नव्या ट्रॉलीची ट्रायल आम्ही अजून तिथंच घेतो. भरलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सकाळी सातच्या आत. नंतर कॉलनीतली मंडळी कुरकुर करतात.