बारदान वजा करून

रविवार, रात्र

आज आमच्या वजन उतरवायच्या भिशीचं वजन झालं. आमच्यातल्या एकीच्या मालकांची आडत आहे. रविवारी लातूरचं मार्केट बंद, हमालही नसतात, म्हणून तूर-सोयाबीनची पोती मोजायच्या काट्यावरच आम्ही चढतो. पहिल्या वेळी एक जण म्हणाली, "बारदान, म्हणजे पोत्याचं वजन, वजा करा की!" तेव्हापासून नियमच झाला: साडी नाही, सगळ्यांनी सुती ड्रेसवर यायचं, चपला-बांगड्या बाजूला.

भिशी साधीच आहे. प्रत्येकीनं २,००० रुपये आधीच शेजारच्या काकूंकडे जमा केलेत. दर पंधरा दिवसांनी अर्धा किलो उतरलं की आपलेच २५० परत, नाही उतरलं तर गेले. काकू स्वतः भिशीत नाहीत, म्हणून हिशेब त्यांच्याकडे. एकीला शुगरच्या गोळ्या चालू आहेत. तिला त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेतलंच नाही.

पैसे आधी हातातून सुटले पाहिजेत यावर मी अडून बसले होते. "हरले तर देईन" म्हणणाऱ्या बाईचं मन कशाला दुखेल? लेक एमबीए करतेय, ती म्हणाली, हे तर कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय: मिळाल्याच्या आनंदापेक्षा गेल्याचा चटका मोठा. अमेरिकेतला २००८ चा एक प्रयोगही तिनं वाचून दाखवला. ५७ माणसं, १६ आठवडे, आठवड्याला साधारण ४५० ग्रॅम उतरवायचं. आमचं निम्म्यावरच! ज्यांनी स्वतःचे पैसे अडकवले त्यांचं सरासरी सहा किलोंच्या वर उतरलं, ज्यांना पैशाचं काहीच नव्हतं त्यांचं दोन किलोसुद्धा नाही.

पण गेलेले पैसे कुणाला द्यायचे, यावर आमचं पहिल्यांदा फसत होतं. जिंकणारीला द्यायचे ठरलं, तर सगळ्या म्हणाल्या, जाऊ दे, मैत्रिणीकडेच गेले. मग लेकीनं अमेरिकेतल्या डीन कार्लन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. या गड्यानं विद्यार्थी असताना मित्राशी वजनावरून पैज लावली होती, वर्षाच्या अर्ध्या कमाईची! पुढे २००८ मध्ये त्यानं सोबत्यांना घेऊन स्टिक नावाची कंपनीच काढली. तिथं हरलेले पैसे तुम्हाला न पटणाऱ्या संस्थेला जातील अशी सोय करता येते. आम्हाला संस्था कुठून आठवणार? आम्ही माणसं लिहिली. प्रत्येकीनं एका चिठ्ठीवर एक नाव, चिठ्ठी काकूंच्या डब्यात. मी धाकट्या जाऊबाईंचं लिहिलं. प्रत्येक सणाला मला बघून "ताई, तब्येत चांगली झाली हं" म्हणतात त्या.

आता खरं सांगायचं तर तिसरं धपाटं ताटात घेताना २५० रुपये आठवत नाहीत, जाऊबाई आठवतात. पोरांच्या ताटातलं उरलंसुरलं तोंडात टाकायची सवय तर जवळजवळ सुटलीच.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, मात्र इलाज चालला नाही. शेतात कडब्याच्या कोपीपुढं बसून कोण भज्जी मोजून खातं? ओल्या तुरीचे-वाटाण्याचे दाणे, बेसन, वर आंबिलीचा तांब्या, गव्हाची खीर, शिवाय बाजूच्या शेतातल्यांचा आग्रह. मी जेवले, पोटभर. पुढच्या रविवारी काटा वर गेला आणि काकूंनी तिथंच उभं राहून फोनवरून पैसे पाठवले, "वजन न उतरल्याबद्दल" असं लिहून. पाच मिनिटांत जाऊबाईंचा मला मेसेज: "ताई, असंच पाठवत चला, संक्रांतीच्या साडीचे जमायलेत."

तो आठवडा मी नुसती धुमसत होते, पण रोज संध्याकाळी क्रीडा संकुलावर चालून आले.

पैशाचा एक वाईट गुणही दिसला. आज एक जण सकाळपासून पाणीसुद्धा न पिता आली होती. काट्यावर उतरलं, २५० परत मिळाले, आणि खाली येताच तिनं बाटली तोंडाला लावली. तिला काय बोलणार? काकू बोलल्या: "आसं आसंल तर पुढच्या वेळी आधी सगळ्यांला तांब्याभर पाणी पाजीन, मग चढवीन."

त्या अमेरिकन प्रयोगातही सात महिन्यांनी पाहिलं तेव्हा पैसेवाल्यांचं बरंच वजन परत चढलं होतं आणि दोन्ही गटांत म्हणावा असा फरक उरला नव्हता. म्हणून मी आज विषय काढला की होळीला भिशी संपवायची नाही. रक्कम कमी करू, वजन महिन्यातून एकदा करू, उतरलं नाही तरी चालेल पण चढलं तर पैसे गेले. काकू तयार. दोघी "बघू" म्हणाल्या. आडतवाली मात्र साफ नाही म्हणाली: "केशर आंब्याच्या दिवसांत पैसे अडकवायला मी काय येडी हाय का?"