भिंतीवरचे एलियाहू

आमच्या घरी प्रथमच आलेला पाहुणा चहा संपण्याच्या आत बहुधा हा प्रश्न विचारतोच: "तुम्हा ज्यू लोकांत मूर्ती, चित्रे चालत नाहीत ना? मग भिंतीवर हे कोण?" भिंतीवर आहेत अग्निरथातून आकाशात निघालेले एलियाहू हन्नाबी, म्हणजे बायबलमधले संदेष्टे एलियाहू. कोकणातल्या अनेक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यूंच्या, घरांत अशी तसबीर सापडते.

दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा कोरीव मूर्ती करण्यास आणि तिच्यापुढे वाकण्यास मनाई करते, एवढे बहुतेकांनी ऐकलेले असते. तिथून पुढे धर्मशास्त्र्यांनी सोनाराच्या काट्यावर तोलावे तसे तोलले आहे. माणसाची उठावातली आकृती शोभेसाठीही घडवू नये, मात्र रंगवलेली किंवा विणलेली सपाट आकृती चालेल, असा निर्णय ज्यू धर्मशास्त्री मैमोनिडीस यांनी 12व्या शतकात दिला. पशू, पक्षी, मासे आणि झाडे उठावातही चालतात. सूर्य-चंद्र मात्र सपाटसुद्धा काढू नयेत. आकाशात ते सपाटच दिसतात, असे एक कारण त्यासाठी दिले जाते.

तालमूद या ज्यू धर्मकायद्याच्या प्राचीन ग्रंथातील अंगठीचा नियम मला सर्वांत आवडतो. जिच्यावर माणसाची आकृती उठावाने आहे, ती मुद्रेची अंगठी बोटात घालू नये, पण तिने शिक्का मारता येतो. आकृती आत कोरलेली असेल, तर अंगठी घालावी, पण शिक्का मारू नये, कारण मग लाखेवर उठावाचा माणूस तयार होतो. म्हणजे घडवणे वेगळे आणि बाळगणे वेगळे. बाळगण्यात अडचण असते ती मुख्यतः लोकांच्या संशयाची, की हा तिची पूजा तर करत नाही ना. रब्बी यहूदा यांच्या अंगठीवरची आकृती उठावाची होती, तेव्हा त्यांचे गुरू श्मुएल यांनी त्या आकृतीचा डोळा बिघडवायला सांगितले. आकृती अपुरी झाली की हरकत उरत नाही, असे मानणाऱ्यांचा आधार इथे आहे. माझ्या आजोबांनी सावंतवाडीहून आलेल्या लाकडी बाहुलीच्या नाकाचा शेंडा पटाशीने अलगद उडवला होता. आम्ही भावंडे रडलो. आजोबांनी मात्र तिचे नाव ठेवले नकटी, आणि तीच आमची लाडकी झाली.

सगळे इतक्या काटेकोरपणे वागले, असे नाही. मुंबईच्या डेव्हिड ससून वाचनालयात ससून यांचा संगमरवरी पूर्णाकृती पुतळा उभा आहे, आणि ते तर अत्यंत धर्मनिष्ठ ज्यू म्हणून ओळखले जात. तेथून जाताना मी दर वेळी त्यांच्या नाकाकडे पाहतो; ते शाबूत आहे.

आमचे एलियाहू मात्र कागदावरचे, सपाट आहेत, त्यामुळे घडवण्याचा दोष त्यांना लागत नाही. माझ्या मते खरी कसोटी आहे ती तसबिरीसमोर आपण काय करतो याची. मलिदा या आमच्या विधीच्या वेळी भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचे ताट मांडले जाते, एलियाहूंची गाणी म्हटली जातात, पण प्रार्थना देवाचीच असते आणि तसबिरीकडे कोणी तोंड करून बसत नाही. एकदा शेजारच्या काकूंनी मोठ्या प्रेमाने तसबिरीसाठी झेंडूचा हार आणला. आईने त्यांना बसवून चहा दिला, हार दाराच्या चौकटीला बांधला, आणि त्या गेल्यावर ओल्या फडक्याने तसबिरीची काच नेहमीसारखी पुसून घेतली.