ऊस तेवढा माझा

"रान सरकारचं, गवा सरकारचा. ऊस तेवढा माझा!"

राधानगरी रोडला चहाच्या टपरीवर एक मामा आज हसत हसत म्हणाले. आदल्या रात्री शेतात गव्यांचा कळप शिरलेला. मोबाईलवर फोटो दाखवला: आडवा झालेला ऊस, चिखलात खुरांचे ठसे आणि मधोमध तुडवलेली ठिबकची नळी.

उसापेक्षा नळीच त्यांना जास्त लागली होती. "ऊस फुटंल परत. ही फुटली ती गेलीच की."

मी निघालो होतो दाजीपूरला, गवे बघायला. काय बोलणार?

१९५८ साली गव्यांसाठीच दाजीपूरचं अभयारण्य झालं. २०१२ ला राधानगरीचं जंगल पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. आपण स्टेटस टाकले. त्याच भागातून भोगावती नदी उतरते, कोल्हापूरच्या पंचगंगेला मिळते. म्हणजे रान आपल्यालाही हवंच.

गंमत म्हणजे मामांनाही हवंय. "रान ऱ्हायलं न्हाई तर वड्याला पानी कुठनं?" असं म्हणून चहाचे पैसेही त्यांनीच दिले. मला देऊ दिले नाहीत.

परत येताना एकच डोक्यात. नुकसानभरपाईच्या अर्जात ठिबकच्या नळीला रकाना असेल का हो?