बँकॉकजवळचे तीन भव्य गणपती: छाछोएंगसाओची एक दिवसाची सहल

बँकॉकमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्यांकडे भारतातून पाहुणे आले की राजवाडा, वाट अरुण (‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर) आणि चाओ फ्राया नदीतली बोट इतके लवकर उरकते आणि मग पुढे काय दाखवायचे हा प्रश्न उभा राहतो. या हिवाळ्यात पुण्याहून आई-बाबा आले, तेव्हा पट्टायाचा नेहमीचा रस्ता न धरता मी त्यांना बँकॉकच्या पूर्वेला असलेल्या छाछोएंगसाओ प्रांतात घेऊन गेलो. कारण सरळ होते: या एकाच प्रांतात गणपतीच्या तीन प्रचंड मूर्ती आहेत. उभी मूर्ती 39 मीटर उंच, बसलेली 49 मीटर उंच आणि पहुडलेली 22 मीटर लांब. सोबत माझी एक थाई सहकारी होती आणि तिच्यामुळे बऱ्याच गोष्टी नीट उमगल्या.

जायला मिनीव्हॅन आणि बस दोन्ही मिळतात, तरीही माझी शिफारस तिसऱ्या वर्गाच्या साध्या रेल्वेगाडीची आहे. जानेवारी 2023 मध्ये लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या क्रुंग थेप अफिवाट या नव्या स्थानकावर गेल्या, पण पूर्वेकडच्या साध्या गाड्या अजूनही जुन्या हुआ लाम्फोंग स्थानकातूनच सुटतात आणि तिथे मेट्रोच्या निळ्या मार्गाने थेट पोहोचता येते. सुमारे 61 किलोमीटरच्या या प्रवासाचे तिकीट अवघे 13 बाट आहे. आरक्षण नसते, तिकीट खिडकीवरच घ्यावे लागते आणि जागा मिळवण्यासाठी थोडे लवकर गेलेले बरे. हा लोहमार्ग 1908 सालचा आहे. डब्यात वातानुकूलन नाही, छताला पंखे आणि उघड्या खिडक्या आहेत, आणि टोपल्या घेऊन फिरणारे विक्रेते दर काही मिनिटांनी समोर येतात. डब्याच्या पायऱ्या उंच आहेत, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना चढताना हात द्यावा लागतो. सकाळी आठला स्थानकात असाल तर राष्ट्रगीत लागताच सगळे जागच्या जागी उभे राहतात, तसे आपणही राहावे. संध्याकाळी सहालाही तेच. तिकिटावरचे साल पाहून बाबा चक्रावले होते, कारण थायलंडमध्ये बौद्ध संवत चालतो आणि तो इसवी सनाच्या 543 वर्षे पुढे आहे. दुकानातल्या औषधावरची किंवा दुधाच्या बाटलीवरची तारीख वाचतानाही हा हिशेब लक्षात ठेवावा.

छाछोएंगसाओ स्थानकात उतरल्यावर खरी अडचण सुरू होते. तिन्ही मूर्ती शहराबाहेर, वेगवेगळ्या दिशांना आहेत आणि त्यांना जोडणारी सोयीची सार्वजनिक वाहतूक नाही. सोंगथेओ, म्हणजे मागे दोन समोरासमोर बाके असलेली छोटी ट्रक, शहरात भरपूर दिसते, पण ठरलेल्या मार्गावरच चालते. ग्रॅब या अ‍ॅपवरून बोलावलेली टॅक्सी जाताना मिळते, मात्र परतताना शेतांच्या मध्ये उभे राहून तिची वाट पाहणे वृद्धांसाठी योग्य नाही. म्हणून स्थानकाबाहेरच दिवसभरासाठी वाहन ठरवावे, कुठे कुठे थांबायचे ते फोनवरच्या नकाशात दाखवावे आणि थांबण्याचा वेळ धरूनच भाडे पक्के करावे. सहकारी बरोबर असल्याने आम्हाला घासाघीस करावी लागली नाही. एकटे जाणाऱ्यांनी ठिकाणांची नावे थाई लिपीत लिहून घेतली तर काम बरेच सोपे होते. एक बारीक गोष्ट: स्थानिक लोक या शहराला पेत रिव म्हणतात आणि गाड्यांच्या पाट्यांवरही अनेकदा तेच नाव असते.

आम्ही आधी ख्लोंग खुएनच्या उद्यानातील उभ्या मूर्तीकडे गेलो आणि हा क्रम कुणीही बदलू नये असे मला वाटते. ब्राँझची ही मूर्ती 2012 मध्ये पूर्ण झाली. चार हातांत फणस, केळी, ऊस आणि आंबा आहे. आपल्याकडच्या पाश-अंकुश-मोदकाला सरावलेल्या आईने ती बराच वेळ निरखली आणि मग, ‘शेतकऱ्याचा गणपती आहे हा,’ असे म्हणाली. सकाळी ऊन मूर्तीच्या अंगावर तिरपे पडते, गर्दी नसते आणि चौथऱ्याच्या फरशा तापलेल्या नसतात. पादत्राणे काढावी लागतात, त्यामुळे दुपारी जाणाऱ्यांनी मोजे जवळ ठेवावेत. तिन्हींमध्ये मला हीच मूर्ती शिल्प म्हणून सर्वांत उजवी वाटते. बांग नाम प्रिआव भागातील वाट फ्रोंग आकातची बसलेली मूर्ती उंचीने मोठी आहे, पण वाट वाकडी करून जावे लागते. वेळ कमी असेल तर ती वगळली तरी चालेल.

बांग पाकोंग नदीकाठच्या वाट समान रत्तनाराम येथील गुलाबी गणपती कुशीवर आरामात पहुडलेला आहे आणि भोवतालचे वातावरण जत्रेचे आहे: ध्वनिक्षेपक, फुलांचे ढीग, खाद्यपदार्थांची दुकाने, नदीकाठी माशांना खाऊ घालणारी मुले. शनिवार-रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. मूर्तीपुढे उंदरांच्या रंगीत प्रतिमा आहेत. आपल्या जन्मवाराच्या रंगाचा उंदीर निवडून त्याच्या एका कानात इच्छा सांगायची आणि ती बाहेर निसटू नये म्हणून दुसरा कान हाताने झाकायचा, अशी रीत आहे. रविवारचा लाल, सोमवारचा पिवळा, मंगळवारचा गुलाबी, बुधवारचा हिरवा, गुरुवारचा नारिंगी, शुक्रवारचा निळा आणि शनिवारचा जांभळा. थाई माणसाला आपला जन्मवार तोंडपाठ असतो. आईला तिथी आणि नक्षत्र पाठ होते, वार मात्र फोनमध्ये शोधावा लागला.

येथे आपले आणि त्यांचे असे मोजमाप काढू नये, असे मी प्रत्येक पाहुण्याला आधीच सांगतो. फ्रा फिकानेत या नावाने गणपती येथे कलांचा आणि आरंभाचा देव म्हणून फार पूर्वीपासून पूजला जातो. देशाच्या ललित कला विभागाच्या बोधचिन्हावर तोच आहे आणि बँकॉकमध्ये उंच लाल झोक्याजवळ 1784 मध्ये बांधलेल्या देवस्थानातील मधले मंदिर त्याचेच आहे. भक्त झेंडूच्या माळा, फळे, ऊस आणि दूध वाहतात, गुडघे टेकून उदबत्ती लावतात आणि नवस बोलतात. आपण आरती म्हणायला हरकत नाही, पण हळू आवाजात. बाजूला कुणीतरी डोळे मिटून बसलेले असते. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत, पाय मूर्तीकडे करून बसू नये आणि स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श होणार नाही याची काळजी घ्यावी.

जेवणाचा प्रश्न शाकाहारी माणसासाठी खरा आहे, कारण भाजीच्या साध्या पदार्थातही माशाचा सॉस असतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेले दुकान शोधावे. तिथे मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे बाबांची सोय अनपेक्षितपणे उत्तम झाली. नदीकाठच्या बाजारात मिळणारा खानोम चाक जरूर खावा: चिकट तांदळाचे पीठ, ओले खोबरे आणि ताडाचा गूळ निपा ताडाच्या पानात गुंडाळून कोळशावर भाजतात, आणि चव थेट पातोळ्यांच्या जवळ जाते. या प्रांताचे आंबेही प्रसिद्ध आहेत, पण त्यांच्यासाठी मार्च ते मे या काळातील उकाडा सोसायची तयारी हवी. क्यूआर संकेताने पैसे घेणे सर्वत्र चालते, मी स्वतः बँकेच्या अ‍ॅपमधून देतो. थायलंडात खाते नसलेल्यांनी मात्र सुट्ट्या नोटा बाळगाव्यात.

परतताना शहरातील वाट सोथॉन पाहिले. तेथील बुद्धमूर्तीला नवस फेडण्यासाठी लोक उकडलेली अंडी वाहतात, तीही शेकड्यांनी, आणि हे दृश्य आईला पचवायला थोडा वेळ लागला. बाहेर मंडपात नवसाचे नृत्य सुरू होते. पांढऱ्या संगमरवरी इमारतीत शांतपणे बसायला जागा आहे, त्यामुळे हा मुक्काम थकलेल्या पायांसाठी शेवटी ठेवावा. शनिवार-रविवारी जाणार असाल तर बान माय हा लाकडी घरांचा जुना बाजारही जवळच आहे; इतर दिवशी तो बहुतांशी बंद असतो.

परतीच्या गाडीची वेळ सकाळीच, स्थानकात उतरल्याबरोबर फलकावरून टिपून घ्यावी, कारण संध्याकाळी गाड्या विरळ होतात आणि चुकली तर मिनीव्हॅनशिवाय पर्याय राहत नाही. ज्यांचा मुक्काम बँकॉकच्या सुखुमवित भागाकडे आहे त्यांनी हुआ लाम्फोंगपर्यंत न जाता मक्कासानच्या अलीकडच्या असोक थांब्यावर उतरून मेट्रो पकडावी, आणि ज्यांना त्याच रात्री सुवर्णभूमी विमानतळ गाठायचा आहे त्यांनी लात क्राबांगला उतरावे, तिथून विमानतळाची रेल्वे शेजारीच मिळते.