एल सोंते: पुपुसा बिटकॉइनवर, बस मात्र रोख

ह्यूस्टनहून तीन तासांचं विमान, विमानतळावरून टॅक्सीने पाऊण तास, की आलं एल साल्वादोरचं एल सोंते गाव. काळी वाळू, काखेत सर्फिंगची फळी मारून अनवाणी फिरणारी पोरं आणि टपऱ्यांवर बिटकॉइनचा तो नारिंगी 'बी'. नवऱ्याला सर्फिंग शिकायचं होतं. मला एकच खाज होती: फोनमधल्या बिटकॉइनवर खरोखर नाश्ता मिळतो का, हे एकदा बघायचं होतं.

2019 मध्ये एका निनावी देणगीदाराच्या बिटकॉइनवर या गावात बिटकॉइन रुजवायचं काम सुरू झालं. पोरांना कामाचे पैसे बिटकॉइनमध्ये मिळू लागले आणि ते खर्च करायला दुकानंही पुढे आली. पुढे 7 सप्टेंबर 2021 ला अख्ख्या देशात बिटकॉइन अधिकृत चलन झालं. डॉलर तर 2001 पासून आहेच, आणि भाव आजही डॉलरमध्येच लिहिलेले असतात. जानेवारी 2025 मध्ये मात्र आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 1.4 अब्ज डॉलरच्या कर्जापायी कायदा बदलला. आता बिटकॉइन घ्यायचं की नाही, ही दुकानदाराची मर्जी. तेव्हा 'कायद्यात आहे ना' म्हणून कुणाशी हुज्जत घालायला जाऊ नका.

आम्ही जूनमध्ये गेलो, म्हणजे ऐन पावसाळ्यात. लाटा जोरदार, खोल्या स्वस्त.

चूक मी घरूनच करून आले होते. बिटकॉइन घेतलं, साध्या वॉलेटमध्ये ठेवलं आणि झाली तयारी असं समजले. पहिल्या सकाळी पुपुसावाल्या (पुपुसा म्हणजे सारण भरलेली मक्याची जाड भाकरी) बाईंनी क्यूआर कोड पुढे केला, तर माझं वॉलेट तो ओळखेचना. तिथला सगळा किरकोळ व्यवहार लाइटनिंगवर, म्हणजे बिटकॉइनच्या छोट्या झटपट व्यवहारांसाठीच्या वेगळ्या जाळ्यावर चालतो, तिथे पैसे सेकंदभरात पोचतात. माझे पैसे होते बिटकॉइनच्या मुख्य साखळीवर, जिथे व्यवहारांच्या नोंदींचा नवा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, सरासरी दहा मिनिटांनी बनतो आणि शुल्क वेगळं पडतं. मागे चार माणसं खोळंबलेली. मी ओशाळून पाच डॉलरची नोट काढली. दुपारी खोलीवर लाइटनिंगचं वॉलेट उतरवून पैसे तिकडे वळवायला घेतले, तेवढ्यात धो धो पाऊस आला आणि वीज गेली. वायफायही गेलं. त्या दिवशी सगळा खर्च रोखीनेच झाला. तुम्ही हे सगळं निघण्यापूर्वी घरी करा, आणि त्याच वॉलेटवरून कुणा मित्राला रुपयाभराचे सातोशी (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक सातोशी) पाठवून बघा. तिथलं सिमकार्ड विमानतळावरच घ्या, वायफायच्या भरवशावर राहू नका.

दुसऱ्या सकाळी जमलं. बाई मक्याच्या पिठाचा गोळा ओल्या तळव्यांवर थापत होत्या. तो थप थप आवाज अगदी आपल्या भाकरीचा, फक्त यांच्या गोळ्याच्या पोटात चीज आणि घेवडा. तीन पुपुसा आणि दोन कॉफ्या, साडेचार डॉलर. त्यांनी एका हाताचं पीठ एप्रनला पुसलं, करंगळीने फोनवर 4.50 टाकलं आणि कोड माझ्यापुढे धरला. मी स्कॅन केला. साधारण 4,300 सातोशी. मी अजून पडद्याकडेच बघत होते, तोवर त्यांचा फोन किणकिणला आणि हात परत पिठात गेले. पुण्यातला भाजीवाला यूपीआयवर हे रोजच करतो, हे खरं. पण मध्ये एकही बँक नव्हती, म्हणून मला गंमत वाटली.

शाकाहाऱ्यांनी 'फ्रिहोल कॉन केसो' म्हणजे घेवडा-चीज मागावी, किंवा 'केसो कॉन लोरोको'. लोरोको ही तिकडच्या एका वेलीची कळी. 'रेवुएल्ता'त डुकराचं मांस असतं. घेवड्यात चरबी घालायचीही पद्धत आहे, म्हणून 'मान्तेका?' असं विचारून घ्या. सोबत कोबीचं आंबट कुर्तिदो मिळतं. खायचं हातानेच, काटा मागितलात तर हसतील.

गावाबाहेर पडलात की चित्र पालटतं. बस रोखीवरच चालते. राजधानी सान साल्वादोरमध्ये एका हॉटेलात बिटकॉइन विचारलं, तर वेटरने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने कपाटातून टॅबलेट काढला, त्याची बॅटरी संपलेली. दहा मिनिटं चार्जिंगची वाट बघून शेवटी कार्ड काढलं. म्हणून एक आणि पाचच्या नोटा भरपूर ठेवा, पन्नासची नोट बघून टपरीवाला हात जोडतो. सुटे म्हणून एक डॉलरची नाणी मिळतात, ती खरीच असतात.

कराचं लक्षात ठेवा. अमेरिकेच्या कर खात्याच्या लेखी बिटकॉइन ही मालमत्ता आहे, म्हणजे प्रत्येक पुपुसा ही त्या मालमत्तेची विक्री. मी वहीत नोंदी केल्या, नवरा हसून लोळला. भारतात राहणाऱ्यांना तर 2022 पासून नफ्यावर सरळ 30 टक्के कर, आणि तोटा दुसऱ्या कशातून वळता करता येत नाही. चहापाण्यापुरतेच सातोशी न्या. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ऑक्टोबर 2023 मध्ये या विमानतळावर 1,130 डॉलरचं शुल्क लागू झालं होतं. आमचे पासपोर्ट अमेरिकन असल्याने आम्हाला त्याची झळ लागली नाही, पण तुम्ही तिकीट काढण्यापूर्वी नियम तपासाच.

निघायच्या दिवशी मी बाईंना मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, तुम्हाला कशात पैसे दिलेले आवडतात? त्यांनी तव्याशेजारच्या नाण्यांच्या डब्याकडे हनुवटीने खूण केली. चीजवाला सकाळी सहाला येतो म्हणाल्या, आणि त्याला रोखच लागतात.